‘कविता’चे ‘किवता’ का होते? : डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला घरी आणि शाळेत मदत

नमस्कार. आजच्या भागासाठी मी टेबलावर तीन वस्तू मांडल्या आहेत: पत्त्याच्या पानाएवढी काही पांढरी कार्डे, जुन्या प्लॅस्टिकच्या फाइलमधून कापलेल्या पारदर्शक पट्ट्या आणि रव्याचा पातळ थर पसरलेले एक ताट. त्यांच्याकडे मी येणारच आहे, पण आधी पडद्यावरचा हा शब्द पाहा.

(पडद्यावर मोठ्या अक्षरात: कविता)

तिसरीतल्या एका मुलाने हा शब्द माझ्यासमोर ‘किवता’ असा वाचला आणि शेजारी बसलेले त्याचे वडील लगेच म्हणाले, “बघा मॅडम, नीट बघतच नाही, सगळी घाई.” मुलगा घाईत मुळीच नव्हता. कागदावर डावीकडून उजवीकडे जे ज्या क्रमाने दिसत होते, ते त्याने त्याच क्रमाने वाचले होते: आधी ‘क’, त्याला लागून वेलांटीची रेघ, मग ‘व’. पहिली वेलांटी आपण ‘व’च्या आधी काढतो आणि ‘व’च्या नंतर उच्चारतो, ही आपल्या लिपीची जुनी खोड आहे, आणि वाचन एकदा अंगवळणी पडले की ती कुणाच्या लक्षातही राहत नाही. रफाराची तऱ्हा याच्या उलट आहे. ‘सर्कस’मधला ‘र’ तोंडातून ‘क’च्या आधी बाहेर पडतो, पण कागदावर तो ‘क’च्या डोक्यावर जाऊन बसतो, म्हणून काही मुलांच्या वहीत ‘सक्रस’ सापडते.

हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, डिस्लेक्सियाविषयी, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन जड जाण्याच्या अवस्थेविषयी, आपल्याकडे जे बोलले जाते त्यातले बरेचसे इंग्रजी वाचणाऱ्या मुलांवरून उचललेले असते. इंग्रजीतले बी आणि डी उलटसुलट लिहिणे हेच त्याचे मुख्य लक्षण, असा समज त्यातूनच पसरला आहे. मग पहिलीतल्या मुलाने ३ उलटा काढला की आईवडील घाबरतात, वास्तविक सहा-सात वर्षांपर्यंत असे अनेक मुलांकडून होते आणि ते आपोआप मागे पडते. दुसरीकडे चौथीतली मुलगी ‘स्वातंत्र्य’ या शब्दापाशी दर वेळी थांबते, धडा वाचताना बोट ठेवूनही ओळ चुकते, परंतु अक्षरे उलटी काढत नाही म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

मुळात डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा दोष नाही. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने वापरला, आणि १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याला वाचता येत नव्हते, मात्र शिकवणे पूर्णपणे तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत चलाख मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. मॉर्गन यांनी या अवस्थेला जन्मजात शब्दांधत्व म्हटले, आणि अंधत्व हा शब्द आला की लोक डोळ्यांकडे पाहू लागतात. आज संशोधकांचा कल वेगळा आहे. बोललेल्या शब्दातले सुटे ध्वनी ओळखणे, ते मनात धरून ठेवणे आणि त्यांची अक्षरांशी झटपट सांगड घालणे इथे बहुतेक मुलांचे घोडे अडते. बुद्धीशी याचा संबंध नाही, आनुवंशिकतेशी मात्र आहे. मुलाची तपासणी चालू असताना ‘मलाही वाचायला फार त्रास व्हायचा’ असे हळूच सांगणारे वडील किंवा मामा मला पुष्कळदा भेटतात. रंगीत काचांचे चष्मे आणि स्मरणशक्तीची टॉनिके यांवर पैसे घालवू नका, असे मी स्पष्टच सांगते.

मराठी वाचताना मुळाक्षरे फारशी नडत नाहीत, कारण त्यांचा उच्चार बहुतांशी ठरलेला असतो. अर्थात ‘चमचा’मधला ‘च’ आणि ‘चार’मधला ‘च’ एकाच चिन्हाने लिहायचा, ‘अंक’, ‘चिंता’ आणि ‘आंबा’ यांतल्या तीन निरनिराळ्या उच्चारांसाठी एकच टिंब द्यायचे, अशा अडचणी आहेतच. पण खरा अडथळा सुरू होतो तो काना-मात्रा-वेलांटीपासून, आणि जोडाक्षरांपाशी तो दुप्पट होतो. त्यातच घ-ध, भ-म, थ-य ही एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे आहेत, आणि ‘र’ व ‘व’ जवळजवळ लिहिले की ‘ख’ वाटतो. लिखाणात मुलाने शब्द आपल्या उच्चाराबरहुकूम लिहायचा प्रयत्न केला आणि तरी त्यातला एखादा आवाज गळाला, हे मी केवळ ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांपेक्षा अधिक गंभीर मानते. ऱ्हस्व-दीर्घ तर आपल्यापैकी कितीतरी जणांचे चुकते.

आणखी एक गोष्ट अगदी काळजीपूर्वक पाहायला हवी. वाचता न येणारे प्रत्येक मूल डिस्लेक्सिक नसते. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेल्यामुळे जे मूल दिवाळीनंतर कित्येक महिने शाळेत आलेच नाही, किंवा ज्याच्या घरात गोंडी, पावरी किंवा अहिराणी बोलली जाते आणि पुस्तकातली मराठी ज्याला पहिलीत प्रथमच ऐकायला मिळते, त्याला शिकण्याची संधी कमी मिळालेली असते. म्हणून सर्वांत आधी कान आणि डोळे तपासून घ्या, मग हजेरी आणि घरची भाषा पाहा. पुरेसे शिकवूनही, इतर गोष्टींत चुणचुणीत असलेले मूल वाचनातच वर्षानुवर्षे मागे राहत असेल, तर बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्याकडून रीतसर तपासणी करून घ्यावी.

आता घरी काय करता येईल ते पाहू. पुस्तक उघडण्याआधी कानाला सवय लावा, आणि त्यासाठी वेगळा वेळ काढण्याची गरज नाही. भाजी निवडतानाही हा खेळ चालतो. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरते? ‘बाळ’मधल्या ‘बा’च्या जागी ‘टा’ ठेवला तर काय होते? ‘काळ’ आणि ‘कळ’ यांत फरक कशाचा? हा शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण तिथे अक्षर तेच राहून त्यातला स्वर तेवढा बदलतो. बाराखडी तालात म्हणणारी मुले या प्रश्नाला अडतात. ‘का कि की कु कू’ त्यांना गाण्यासारखे पाठ असते, पण मधलेच ‘कू’ दाखवले की पहिल्यापासून सुरुवात करून तिथपर्यंत यावे लागते.

त्यासाठी या पट्ट्या आहेत. (कॅमेरा टेबलावर) या कार्डावर मी फक्त ‘ल’ लिहिला आहे, आणि पारदर्शक पट्टीवर मार्करने फक्त काना काढला आहे. पट्टी सरकवून ‘ल’ला लावली की झाला ‘ला’. आता पट्टी तीच ठेवून खालचे कार्ड बदला: ‘मा’, ‘सा’, ‘पा’. चिन्ह हलत नाही आणि आवाजाचा शेवटही बदलत नाही, हे मुलाला डोळ्यांनी दिसते आणि स्वतःच्या हाताने करताही येते. एका आठवड्यात एकच चिन्ह घ्या. पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा घ्या, आणि घ्याल तेव्हा आधी ‘व’ म्हणायचे, मग पट्टी डावीकडून आणून लावायची, मग ‘वि’ म्हणायचे, असा क्रम ठेवा. ‘किवता’ वाचणाऱ्या त्या मुलाने असे चार-पाच वेळा केले आणि मला विचारले, “पण मग ती आधी का काढतात?” मी त्याला सांगितले की लिपीची तशी रीत आहे, त्यात तुझी काही चूक नाही. तो प्रश्न विचारेपर्यंत घोटाळा लिपीत आहे की आपल्यात, हेच त्याला कळत नव्हते.

आणि हे रव्याचे ताट. पूर्वी मुले धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवत असत. ‘धुळाक्षरे’ हा शब्द तिथूनच आला. अक्षराचा आवाज मोठ्याने म्हणत बोटाने ते काढायचे, म्हणजे कान, डोळा आणि हात यांना एकाच वेळी काम मिळते. तोंड बंद ठेवून नुसते गिरवण्याचा उपयोग फार थोडा होतो. चुकलेला शब्द वहीत दहा वेळा लिहायला लावण्याचा तर त्याहूनही कमी, आणि हे मी अनुभवावरून सांगते: नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका मुलाला ‘पर्यंत’ दहा वेळा लिहायला लावला होता, आणि चौथ्या ओळीपासून त्याने आपलीच चूक शेवटपर्यंत इमानाने उतरवली होती.

रोज पंधरा मिनिटे एकत्र वाचा, त्याहून जास्त नको. तुम्ही आणि मुलाने एकच ओळ एकाच वेळी मोठ्याने वाचायची, बोट मुलाचे असू द्या, आणि ते अडले तर तीन-चार सेकंद थांबून शब्द सांगून टाका व पुढे जा. ‘अरे, कालच तर वाचला होतास’ हे वाक्य मात्र आवर्जून टाळा, कारण काल वाचलेला शब्द आज परका वाटणे हेच तर या मुलांचे दुखणे आहे. इतिहास-भूगोलाचा अभ्यास वाचनामुळे खोळंबता कामा नये. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, घरातल्या कुणीही धडा मोठ्याने वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा, आणि मुलाने तो ऐकत पुस्तकावर नजर फिरवावी. आजोबांच्या आवाजातला भूगोल एका मुलीला इतका आवडला की तिने तो धडा वाचनासाठी नव्हे, नुसताच पुन्हा पुन्हा ऐकला. त्यालाही माझी हरकत नाही.

शाळेकडे वळताना शिक्षकांवर सरसकट टीका करण्याची माझी इच्छा नाही, कारण चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एकाकडे वेगळे लक्ष देणे किती कठीण असते हे मी पाहिले आहे. तरीही काही गोष्टींना वेळही लागत नाही आणि खर्चही येत नाही. प्रकट वाचनासाठी अशा मुलाला अचानक उभे करू नये. उद्या कोणता परिच्छेद वाचायचा आहे ते आज सांगावे, म्हणजे मूल घरून तयारी करून येते आणि वर्गासमोर त्याची शोभा होत नाही. फळ्यावरचे उतरवून घेणे हे या मुलांसाठी दोन कष्टांचे काम असते, म्हणून शेजाऱ्याच्या वहीची छायाप्रत चालवून घ्यावी. विज्ञानाच्या उत्तरात विज्ञान तपासावे, शुद्धलेखन नव्हे. श्रुतलेखनाचे वीस शब्द इतरांना द्यायचे असतील तर याला त्यांतले आठ आधी देऊन ठेवावेत. आणि छापील अक्षराकडेही लक्ष असू द्यावे: मराठी आणि हिंदी छपाईत ‘ल’ आणि ‘श’ यांचे घाट वेगवेगळे असतात, म्हणून पाचवीत हिंदी सुरू झाल्यावर ओळखीची अक्षरे मुलाला अचानक अनोळखी वाटू शकतात.

हे सारे शाळेच्या मर्जीवर सोडलेले नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) समावेश एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांत केला. १९९५ च्या कायद्यात तिला जागाच नव्हती. मुलातली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणे आणि त्यानुसार शिकवण्यात बदल करणे हे मान्यताप्राप्त शाळांचे कर्तव्य म्हणून कलम १६ मध्ये लिहिले आहे, तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख कलम १७ मध्ये आहे. महाराष्ट्रात परीक्षेतल्या सवलती त्याच्याही आधी, १९९६ पासून, सुरू झाल्या होत्या. प्रत्यक्षात मात्र त्या अजूनही प्रामुख्याने मोठ्या शहरांतल्या मुलांनाच मिळताना दिसतात, कारण तपासणीची सोय तिथे आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. तालुक्याच्या गावातल्या पालकांना मात्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करून, तारीख घेऊन, बऱ्याचदा दिवसाची मजुरी बुडवून यावे लागते.

प्रमाणपत्र साधारणपणे वयाच्या आठव्या वर्षानंतरच दिले जाते, पण त्याचा अर्थ तोपर्यंत हात बांधून बसायचे असा नाही. कार्डे आणि पट्ट्या वापरायला कोणताही दाखला लागत नाही. तपासणीला जाताना मागच्या दोन वर्षांच्या वह्या, मुख्यतः निबंधाची आणि गणिताची, सोबत घेऊन जा. दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जातो, म्हणून आठवी-नववीतच मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि मूळ प्रमाणपत्र स्वतःजवळ ठेवून शाळेला प्रत द्या. लेखनिक मिळणार असेल तर त्याच्याबरोबर घरी किमान चार-पाच सराव प्रश्नपत्रिका सोडवून घ्या, कारण उत्तर मनात तयार असणे आणि ते दुसऱ्याला वाक्यावाक्याने सांगता येणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि त्यातल्या दुसऱ्या कामाची सवय परीक्षेच्या सभागृहात लागत नाही.