आई असं कधी बोलत नव्हती

श्रोतेहो, नमस्कार.

डिमेन्शिया म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विसरणं येतं. चष्मा कुठे ठेवला, जेवण झालं की नाही, समोर उभा आहे तो नातू की मुलगा. पण ज्यांच्या घरात हा आजार आहे, ती माणसं विसरण्याने फारशी खचत नाहीत. नाव पुन्हा सांगता येतं, दोन घास पुन्हा वाढता येतात. ती खचतात ती स्वभाव बदलल्यामुळे. उभ्या आयुष्यात कुणाला अरे-तुरे न केलेले वडील शिव्या देऊ लागतात. सगळ्यांना पोटाशी धरणारी आई सुनेला ‘चोर’ म्हणते.

हा बदल आजाराच्या शेवटीच येतो असंही नाही. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिला डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तपासलं. १९०६ मध्ये ती वारली आणि त्याच वर्षी त्यांनी तिची हकिगत डॉक्टरांच्या सभेत मांडली. पुढे या आजाराला त्यांचंच नाव मिळालं. त्या हकिगतीत पहिलं लक्षण नोंदवलंय ते नवऱ्यावरच्या संशयाचं. स्मरणशक्ती त्यानंतर ढासळली.

आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. म्हणजे असा आरोप ऐकून स्वयंपाकघरात रडणाऱ्या सुना, मुली, बायका किती असतील, याचा विचार करा.

त्या चोरीच्या आरोपाबद्दलच आधी बोलते. होतं असं, की आईच्या मनात भीती असते, म्हणून ती पाटल्या जास्त सुरक्षित जागी ठेवते. तांदळाच्या डब्यात, उशीच्या अभ्र्यात, देव्हाऱ्याच्या खणात. ठेवल्याचं मात्र विसरते. कपाट उघडलं की पाटल्या नाहीत. आपण ठेवल्या हे आठवतच नाही, तेव्हा कुणीतरी नेल्या, एवढाच अर्थ तिच्यापाशी उरतो. आणि तिच्या खोलीत दिवसभर कोण ये-जा करतं? जी तिला आंघोळ घालते, औषध देते तीच. म्हणून आरोप नेमका तिची सगळ्यात जास्त सेवा करणाऱ्या माणसावर येतो. त्यात राग किंवा जुना हिशेब शोधू नका. ‘आता मनातलं खरं बाहेर आलं’ असं नातेवाईक म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. हा मेंदूचा आजार बोलत असतो.

अशा वेळी पुरावे देऊ नयेत. ‘मी कशाला घेऊ तुमच्या पाटल्या?’ म्हटलं की भांडण वाढतं. ‘पाटल्या सापडत नाहीत म्हणजे जीव टांगणीला लागणारच. चला, आपण शोधू,’ असं म्हणावं, आणि शक्यतो त्यांच्याच हाताला त्या लागू द्याव्यात. खरं सोनं बँकेच्या लॉकरमध्ये जाऊ दे. जुने कपडे, उशा देऊन टाकण्याआधी चाचपून बघा. आणि घरातल्या मुलांनो, लेकींनो, सगळ्यांसमोर एकदा स्पष्ट म्हणा: वहिनी, आमचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे. हे न म्हटल्यामुळे घरं तुटतात.

डिमेन्शियाचा एक प्रकार असा, की त्यात सुरुवातीला विसरणं जवळजवळ नसतंच. कपाळामागचा मेंदूचा भाग झिजतो. बऱ्याचदा पासष्टीच्या आतच. माणूस चारचौघांत भलतंसलतं बोलतो, गोडाचा हव्यास धरतो, पैसे उधळतो, सख्ख्या भावाच्या मरणाला डोळ्यांत पाणी आणत नाही. लोक म्हणतात, बिघडला. बायको वर्षानुवर्षं सोसते. पन्नाशीत स्वभाव असा उलटा झाला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

दुसरा बदल मुकाट असतो. पेपर वाचणं सुटतं, कट्ट्यावर जाणं सुटतं, माणूस तासन्‌तास बसून राहतो. त्याला आळशी म्हणू नये. सुरुवात करण्याची शक्तीच गेलेली असते. ‘काय करता?’ असं विचारण्यापेक्षा मटारचं ताट पुढ्यात ठेवा आणि शेजारी बसून आपण सोलायला लागा.

तिन्हीसांजेला अस्वस्थता वाढते. ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं. अंधारायच्या आधीच दिवे लावा, टीव्ही बंद करा, चहा-खाणं द्या. ‘हेच तुमचं घर’ हा वाद नको. घरी कोण कोण होतं, ते विचारा.

आता हे नीट ऐका. बदल एक-दोन दिवसांत एकदम झाला असेल, तर ‘आजार वाढला’ म्हणून बसून राहू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, अंगात पाणी कमी पडणं, कुठलं तरी दुखणं, नवीन सुरू झालेली गोळी, यांपैकी काहीही कारण असू शकतं. दुखतंय हे त्यांना सांगता येत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उपचाराने हा बदल पुष्कळदा ओसरतो. आणि शांत ठेवण्याच्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर परस्पर आणून देऊ नका. या रुग्णांमध्ये त्यांतल्या काही गोळ्यांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो.

सांभाळणाऱ्याला राग येणारच. समोर धडधाकट दिसणाऱ्या माणसासाठी आतून शोकही होणारच. मन मोकळं करायला टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, ज्येष्ठांच्या मदतीसाठी एल्डर लाइनचा १४५६७.

आणि जे पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला आहेत त्यांना सांगते. तुमच्याशी फोनवर आई दहा मिनिटं छान बोलते, त्यावरून वहिनीची तक्रार खोटी ठरवू नका. थोड्या वेळापुरतं हे रुग्ण स्वतःला सावरतात. आठवडाभर रजा काढून या, रात्री आईच्या खोलीत तुम्ही झोपा आणि वहिनीला माहेरी पाठवा.

नमस्कार.