विळा ज्यांच्या हातात आहे

नमस्कार, श्रोतेहो. मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातली, कांदा आणि द्राक्षं पिकवणारी बाई. बचत गटाच्या कामानं दिंडोरी, पेठ, सुरगाण्यातल्या गावांतही माझं जाणं-येणं असतं. आज गावात होणाऱ्या प्रशिक्षणांबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात आमच्या कांदा साठवायच्या चाळीपासूनच करते.

एका वर्षी आमचा उन्हाळ कांदा फार चांगला आला होता. भाव पडलेले होते, म्हणून सगळा माल चाळीत भरला. श्रावणात चाळीजवळून जाताना वास यायला लागला. चाळ उघडली, तर मधला कांदा दाबला की मानेतून, म्हणजे पात जिथून निघते तिथून, पाणी यायचं. घरातल्या आणि शेजारच्या मिळून सहा जणी आम्ही दिवसभर निवडत बसलो. निवडलेल्या कांद्यापेक्षा उकिरड्यावर जाणारा ढीग मोठा होत गेला.

जास्त लागलं ते पुढेच. त्याच वर्षी माघात आमचे हे कांदा साठवणुकीच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणाला जाऊन आले होते. तिथं सगळं बरोबर सांगितलं होतं. निम्म्या माना पडल्या की काढणी करायची. काढलेला कांदा त्याच्याच पातीनं झाकून तीन-चार दिवस वावरातच सुकू द्यायचा. मग एक ते दीड इंच मान ठेवून पात कापायची, आणि दहा-बारा दिवस सावलीत ठेवून मगच चाळीत भरायचा. पात ओली असताना कापली, किंवा मान अगदी बुडातून उडवली, की ती जखम उघडी राहते आणि सड तिथूनच आत शिरते. हे सगळं त्यांना मिळालेल्या फाइलमध्ये लिहिलेलं होतं. फाइल घरात फळीवर होती. वावरात कांदा कापायला बसलो होतो आम्ही : मी, माझी जाऊ आणि सुरगाण्याकडून आलेली अकरा बायकांची टोळी. दीड इंच मान ठेवायची हे आमच्यातल्या एकीलाही कुणी सांगितलेलं नव्हतं. काम उक्तं, म्हणजे रोजावर नाही तर जेवढं काम तेवढे पैसे असं ठरवून दिलेलं, वर आभाळ भरून आलेलं. सगळ्यांचे विळे भराभर चालत होते. माझाही.

तेव्हापासून कुठल्याही प्रशिक्षणाला गेले की मी आधी एवढंच बघते : हे काम ज्यांचे हात करतात, ते हात इथं आहेत का? बहुतेक वेळा नसतात. सातबारा ज्याच्या नावावर, त्याला निरोप जातो.

आपल्या जिल्ह्यात हे परवडणारं नाही. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट निफाडकडचा माणूस विसरलेला नाही. द्राक्षबागा ऐन नाजूक अवस्थेत होत्या आणि गारांनी काड्या फोडून काढल्या. अवकाळी आता दरवर्षीचा पाहुणा झालाय. हवामान खात्याचा इशारा मोबाइलवर येतो, पण तो मोबाइल बाजार समितीत गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. विजांचंही तसंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅप केलंय. आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता असली तर ते सांगतं. पण निंदणीला गेलेल्या बाईजवळ फोन नसतो. तिला फोनाविना कळेल असं शिकवायला हवं : वीज चमकल्यापासून आकडे मोजायचे, तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर काम टाकून पक्क्या घरात जायचं, आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास जाईपर्यंत बाहेर यायचं नाही. झाडाखाली तर थांबायचंच नाही. आमच्या गटातल्या बायका आता हे लेकरांकडूनही म्हणवून घेतात.

शिकवायचं कसं, याचं उत्तर आपल्याजवळ आहे. कृषी विभागाची शेतीशाळा तुम्हाला माहीत असेल. ही पद्धत १९८९ साली इंडोनेशियाच्या भातशेतीत सुरू झाली. तुडतुड्यांवर औषधं मारून मारून तिथले शेतकरी थकले होते. मग ते ठरावीक दिवशी वावरात जमायला लागले. कीड मोजायची, तिला खाणारे किडेही मोजायचे, कागदावर चित्र काढायचं आणि मग फवारायचं की नाही हे आपसात ठरवायचं. पेरणीपासून काढणीपर्यंत वर्ग पिकाबरोबर चालायचा. मला ही पद्धत फार आवडते, कारण तिथं कळलेली गोष्ट आठवडाभरात वावरात तपासून बघता येते.

आमच्या तालुक्यातल्या ओझरच्या शेतकऱ्यांचंही असंच झालं. वाघाड धरणाच्या कालव्यावर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीनं पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पाणी मोजून घ्यायचं, पाणीपट्टी गोळा करायची, हिशोब ठेवायचा, हे शेतकरी दर आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाणी सुटेल त्या प्रत्येक वेळी, करत करत शिकले. शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करण्याचा राज्याचा कायदा नंतर, २००५ साली आला. तोपर्यंत ओझरच्या शेतकऱ्यांचा हात बसलेला होता.

वय झाल्यावर काय शिकणार, असं माझ्या गटातल्या बायका म्हणतात तेव्हा मी त्यांना माझंच सांगते. मी सातवीत शाळा सोडली. १९८९ साली आपल्या नाशिकलाच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघालं, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ म्हणत. त्यांचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम करून छत्तिसाव्या वर्षी मी पदवीला बसले. रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचे, तेव्हा सासूबाई भाकऱ्या थापायच्या. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. परीक्षेच्या सकाळी त्यांनी माझ्या हातावर दही ठेवलं, ते अजून आठवतं.

आणि शिकणं एका बाजूनं होत नाही. सुरगाण्याच्या टोळीतली बाई एका हंगामात दहा-पंधरा मालकांच्या बागा बघते. विरळणी कुठं चुकली, कुठल्या बागेत भुरीचा रोग आधी दिसला, हे तिला बागवानाच्या आधी कळतं. तिला कुणी विचारत नाही. तिकडे सुरगाणा-कळवणच्या डोंगरात लोक आता स्ट्रॉबेरी पिकवतात, आणि आमच्याकडच्या मालकांनी जाऊन बघावं असं बरंच काही तिथं आहे.

पण उक्त्या कामात मी बाईला कितीही शिकवलं, तरी मान मोजत बसली तर तिची मजुरी बुडते. तेव्हा नुसतं शिकवून भागणार नाही, कामाचा व्यवहारही बदलावा लागेल. आमच्या गटातल्या नऊ घरांनी गेल्या वर्षापासून एक ठरवलंय. काढणीच्या पहिल्या सकाळी विळा हातात घ्यायच्या आधी अर्धा तास बांधावर बसायचं, आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे उक्त्याच्या वर वेगळे द्यायचे. चांगला सुकलेला आणि सडलेला, असे दोन कांदे मध्ये ठेवायचे आणि टोळीतल्या बायकांनाच विचारायचं की काय झालं असेल. मान कुठं कापायची त्याची खूण एका मावशींनीच काढून दिली. अंगठ्याचं वरचं पेर. पट्टी लागत नाही, इंच लागत नाही.

यंदाही पहिला कांदा निघेल त्या दिवशी आम्ही तसेच बसणार आहोत. तुमच्याकडे टोळी येईल तेव्हा हा अर्धा तास देऊन बघा, आणि मजुरीत धरा. नमस्कार.