तिन्हीसांजा आणि दुपारचा एक

नमस्कार मंडळी.

आज एकाच गाण्याविषयी बोलणार आहे. ‘या चिमण्यांनो, परत फिरा रे’. १९६८ च्या ‘जिव्हाळा’ या चित्रपटातलं. शब्द गदिमांचे, चाल श्रीनिवास खळ्यांची, आवाज लताबाईंचा. ‘गोरी गोरी पान’ आणि ‘एका तळ्यात होती’ ही आशाबाईंनी गायलेली गाणीसुद्धा याच जोडीची. ती गातगातच आपण मोठे झालो. पण ती मुलांची गाणी. ‘चिमण्यांनो’ ऐकताना हाक मुलांना असली, तरी गाणं मुलांचं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. दिवसभर मागांची खटखट. शेजारच्या मावशी तेलुगू बोलायच्या, दारात बसून विड्या वळायच्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. बोलणं चालू, भांडण चालू, बोटंही चालूच. आई दिवा लावायची, रेडिओ लावायची, आणि कधीतरी हे गाणं लागायचं. मावशींना मराठी बेताचंच यायचं. तरी गाणं संपेपर्यंत अर्धी वळलेली विडी त्यांच्या हातात तशीच राहायची. त्यांचा थोरला भिवंडीला मागावर गेला होता.

मला तेव्हा पहिलंच कडवं कळायचं. अंधाराला पूर येणार, पाल चुकचुकते आहे, घरी या. म्हणजे आई रागावते आहे, एवढंच. दुसऱ्या कडव्यात आई काय म्हणते बघा. तुमचा कोलाहल अवतीभवती असल्याशिवाय आमची कामंच उरकत नाहीत! दिवसभर ‘गोंगाट करू नका’ म्हणून ओरडणारी बाई तिन्हीसांजेला हे कबूल करते. भीती मुलांची नसतेच, रिकाम्या घराची असते. गदिमांनी हे एका साध्या घरगुती वाक्यात सांगितलं. खळ्यांनीही चाल कुठे रडवी केली नाही. लताबाईंचा आवाज अंगणाच्या कडेला उभं राहून हाक मारावी तेवढाच उंच. आणि मुलं परत आली, असं गाण्यात कुठेही नाही. वाटा अंधारतात आणि गाणं थांबतं.

पुढे सोलापुरातल्या मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. भोंगे थांबले. आमच्या बोळातली मुलं हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला गेली, काही पुण्याहून आणखी पुढे. मी त्यांतलीच एक.

इथे हिवाळ्यात चार वाजता अंधारून येतं. तेव्हा सोलापुरात रात्रीचे साडेनऊ. आई जेवून आडवी झालेली असते. तिथली तिन्हीसांज होते तेव्हा माझा दुपारचा एक वाजलेला असतो, ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडलेला असतो. डब्यात शेंगाचटणी, गेल्या खेपेला आईनेच कुटून दिलेली. नेमका तेव्हाच तिचा फोन येतो. दिवा लावून झालेला असतो.

“काय करायलीस गं? जेवलीस का?”

“जेवतेय आई.”

परत ये, असं ती कधीच म्हणत नाही. थोडा वेळ गप्प राहते. मग विचारते, “तिकडं अजून उजेड हाय ना?”