पाण्याचे पंचांग

मित्रहो, १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या, हे आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्यातला एक खेळ मात्र दिल्लीत होणे शक्यच नव्हते, कारण त्याला समुद्र हवा होता. तो आपल्या मुंबईच्या पाण्यात झाला, आणि त्याची आठवण या शहरानेही फारशी जपलेली नाही. शिडाच्या होड्यांच्या त्या शर्यतींत फायरबॉल या होडीच्या वर्गाचे सुवर्णपदक फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी भारताला मिळवून दिले, तर एंटरप्राइज वर्गाचे सुवर्ण बैराम आणि गोश्पी आवारी या कराचीच्या दांपत्याने पाकिस्तानला नेले.

या खेळाचे मैदान एका जागी राहत नाही, हे आज मला मुख्यतः सांगायचे आहे. वाऱ्याबद्दल लोकांना थोडीफार कल्पना असते. शीड थेट वाऱ्याच्या तोंडावर चालत नाही, म्हणून होडीला साधारण ४५ अंशांच्या तिरक्या रेषांत, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे असे नागमोडी चढावे लागते, आणि कोणत्या बाजूला किती वेळ जायचे यावर शर्यत ठरते. पण आपल्या बंदरात वाऱ्याच्या जोडीला पाणीही वाहते, आणि ते रोज वेगळे वाहते.

आपल्या कोळीवाड्यांत एक सोपे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनला भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. आता समजा, आठवडाभराची स्पर्धा पौर्णिमेला सुरू झाली आणि शर्यत रोज दुपारी एकला सुटते. पहिल्या दिवशी भरती होऊन गेलेली असते, ओहोटी लागलेली असते, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाण्याला ओढ जबरदस्त असते. अष्टमीला त्याच घटकेला सुकती, म्हणजे ओहोटी, संपून पाणी चढू लागलेले असते, आणि भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे, दिवस असल्यामुळे त्याचा जोरही उतरलेला असतो. घड्याळ तेच, वळसा घालायच्या खुणांचे तरंगते बोये तेच, पण पहिल्या दिवशी ज्या बाजूने फायदा झाला तीच बाजू शेवटच्या दिवशी होडीला मागे टाकते. त्यातही खोल मार्गात ओढ अधिक आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात कमी, हा भेद वेगळा.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. तरुणपणी एका शर्यतीत मी बोयाला वळसा घालत होतो. तो बोया एका बाजूला कललेला होता आणि त्याच्याभोवती पाण्याची रेघ उठलेली स्पष्ट दिसत होती, म्हणजे ओढ कुठे आहे ते तो मला सांगतच होता. मी नजर शिडावर ठेवली, आणि पाण्याने होडी अलगद नेऊन बोयावर टेकवली. बोयाला स्पर्श झाला की आपण होऊन एक गिरकी घ्यायची, असा नियम आहे. ती मी घेतली, आणि तेवढ्यात चार होड्या पुढे गेल्या.

चार होड्या म्हणजे चार गुण, आणि या खेळात गुण जितके कमी तितके चांगले. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशी बेरीज करत जायचे आणि सर्वांत वाईट शर्यत शेवटी वगळायची. २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धांत मुलींच्या गटात भारताच्या नेहा ठाकूरने ११ शर्यतींत ३२ गुण घेतले, त्यातले ५ वगळून २७ उरले आणि तिला रौप्यपदक मिळाले. तिची सर्वांत वाईट शर्यत पाचव्या क्रमांकाची होती, हे मला त्या पदकाइतकेच मोठे वाटते. ती भोपाळच्या तलावावर शिकली, जिथे भरती-ओहोटी नाही; म्हणजे पाण्याचे हे सारे शास्त्र तिला पुढे समुद्रावर वेगळे आत्मसात करावे लागले असणार. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या गटात भारताच्याच विष्णू सरवणन यांचे ३४ गुण झाले आणि रौप्यपदक मिळवणाऱ्या कोरियाच्या खेळाडूचे ३३. इतक्या दिवसांच्या झुंजीनंतर एका गुणाचे अंतर उरले, म्हणजे कुठल्या तरी एका शर्यतीत पुढे निघून गेलेली एकच होडी.

वर्तमानपत्रात या खेळाची एक ओळ येते, कारण किनाऱ्यावरून तो दिसत नाही असे म्हणतात. मला ते पटत नाही. पावसाळा सरला की आपल्या बंदरात पुन्हा शिडे दिसू लागतात. वारा मंद असेल अशा वेळी गेटवेच्या कठड्याशी उभे राहून आधी नांगरलेल्या होड्या पाहा. त्यांची नाळ, म्हणजे पुढचे टोक, समुद्राकडे असेल तर भरती चालू आहे, ठाण्याच्या खाडीकडे असेल तर ओहोटी. आणि सगळ्या होड्या वेड्यावाकड्या, प्रत्येक आपापल्या दिशेला तोंड करून उभ्या असतील, तर पाणी नुकतेच वळते आहे. तिथून नजर शर्यतीच्या शिडांकडे न्या, म्हणजे पुढची होडी किनाऱ्याला इतकी बिलगून का चालली आहे ते तुम्हाला कोणी सांगावे लागणार नाही.