ख खटाऱ्याचा की खारीचा?

नमस्कार मंडळी.

गेल्या रविवारी आपल्या मराठी शाळेत एका सात वर्षांच्या मुलीने मुळाक्षरांच्या तक्त्यावरच्या 'ख खटाऱ्याचा'वर बोट ठेवून विचारलं, "खटारा कुणी पाहिलाय? खार तर बाहेर बसलीये." बाई गप्प. आपणही गप्पच बसलो असतो. इथे परदेशात आल्यावर घेतलेली पहिली गाडी सोडली, तर खटारा आपण तरी कुठे पाहिलाय?

पोरगी बरोबर बोलली. समोर दिसणाऱ्या प्राण्याबद्दल मुलाला काहीतरी सांगायचं असतं, म्हणून ते लिहायला बसतं. तेव्हा लिहायला शिकवताना पहिले दोन-तीन आठवडे नुसता काना: खार, घार, गाय, नाग, वाघ. रोज एकच शब्द. आधी तोंडी, मग ताटातल्या रव्यात बोटाने, मग पेन्सिल. खचे दोन भाग खाली जोडलेले हवेत. सुटले की मूल 'रवार' वाचतं. घवरची रेघ अखंड, धवरची तुटकी. घाईत घारीची धार होते.

खरी अडचण चिमणीपाशी येते. पहिली वेलांटी दिसते आधी, उच्चार नंतर. इंग्रजीला सरावलेलं मूल 'इचमणी' वाचतं. रागावू नका. त्याच्यासमोर आधी च काढा, मग वेलांटी द्या. शेकरू मुद्दाम शेवटी, कारण रचा उकार पायाशी नसतो, पोटाशी असतो. शेकरू म्हणजे मोठी खार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. किती पालकांना ठाऊक होतं, हात वर करायला सांगत नाही!

मग रोज पाच मिनिटं खिडकीपाशी. कोण, कुठे, काय करतंय, एवढंच लिहायचं: "खार खाली आली. दाणा पुरला. पळाली." चुका त्याच दिवशी लाल करू नका. बर्फ पडला की खारीच्या ठशांत बोटं मोजा: पुढच्या पायाला चार, मागच्याला पाच. 'ठ ठशाचा' तेव्हा कळतो.

आणि आपण काय करतो? गणपतीतल्या नाटुकल्याचे संवाद रोमन लिपीत लिहून देतो, वर टाळ्याही वाजवतो.

काळजी पुढचीच आहे. दहा वर्षांच्या मुलाला वटवाघूळ अंधारात कसं उडतं ते हवं असतं, पण त्याचं मराठी वाचन अजून खारीपाशीच असतं. सोपं दिलं तर 'हे बाळांचं आहे' म्हणतं. हवं ते दिलं तर जोडाक्षरांत अडकून इंग्रजी पुस्तक उचलतं. वाक्यं छोटी, अक्षरं मोठी, पण विषय त्याच्या वयाचा, अशी चार पानं आपल्यापैकी कोण लिहिणार?