असेनचे चार गुण

श्रोतेहो, नमस्कार.

नेदरलँड्सच्या उत्तर भागात असेन नावाचे एक शहर आहे. मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक अजिंक्यपदाला 1949 मध्ये सुरुवात झाली, तेव्हापासून 2020 चे महामारीचे वर्ष सोडले तर एकही वर्ष असे गेले नाही की तिथे शर्यत झाली नाही. आपल्याकडच्या श्रोत्यांना या शहराची आणखी एक ओळख सांगता येईल. मुंबईत मुख्यालय असलेल्या महिंद्रा कंपनीच्या मोटरसायकलने 2016 मध्ये मोटो-थ्री या अजिंक्यपदाच्या सर्वांत धाकट्या वर्गातली आपली पहिली शर्यत जिंकली ती असेनलाच, आणि तेव्हा त्या मोटरसायकलवर असलेला तरुण इटालियन रायडर फ्रान्चेस्को बन्याया पुढे मोटोजीपी या सर्वोच्च वर्गाचा दोन वेळा विश्वविजेता झाला. मात्र आज मी आपल्याशी बोलणार आहे ते याच असेनला एकवीस वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन अपघातांबद्दल. जून 1992 मध्ये तिथल्या सरावात ऑस्ट्रेलियाचा मिक डूहन पडला आणि त्या वर्षीचे विजेतेपद त्याच्या हातून चार गुणांनी गेले. जून 2013 मध्ये तिथल्याच सरावात स्पेनचा होर्हे लोरेन्झो पडला आणि त्याचेही विजेतेपद गेले, तेही नेमके चार गुणांनी.

गुणांचा हिशेब आधी समजून घेऊ. मोटोजीपीत रविवारच्या मुख्य शर्यतीत पहिल्याला 25, दुसऱ्याला 20, तिसऱ्याला 16, असे करत पंधराव्या क्रमांकाला 1 गुण मिळतो, आणि वर्षभराच्या बेरजेवर विजेता ठरतो. क्रिकेटच्या संघात एखादा फलंदाज जायबंदी झाला तर पुढच्या सामन्यात त्याच्या जागी राखीव खेळाडू येतो आणि संघाच्या धावा चालू राहतात. इथेही संघ बदली रायडर उतरवू शकतो, परंतु त्याने मिळवलेले गुण त्याच्या स्वतःच्या नावावर जमा होतात. रुग्णालयात पडून असलेल्या रायडरच्या नावापुढे त्या दिवशी शून्य लागते आणि प्रतिस्पर्ध्याची बेरीज मात्र पुढे जात राहते. त्यामुळे या खेळात दुखापतीचा काळ आठवड्यांत मोजला जात नाही, तो शर्यतींत मोजला जातो. हाड जुळायला सहा आठवडे लागणार असतील तर त्या सहा आठवड्यांत किती शर्यती येतात, हा प्रश्न रायडर शुद्धीवर येताच विचारतो.

या रायडरांचे सर्वाधिक वेळा मोडणारे हाड म्हणजे कॉलरबोन, गळ्याखालचे ते आडवे हाड. हाताला धडाशी जोडणारा हाच एक हाडाचा दुवा आहे. खांद्यावर पडले की सगळा आघात त्यावर येतो. सरळ रस्त्यावर ताशी 300 किलोमीटरच्या पुढे गेलेली मोटरसायकल काही सेकंदांत शंभराच्या आसपास आणायची असते, तेव्हा रायडरचे सारे शरीर पुढे फेकले जाते आणि तो भार दोन्ही हातांनी पेलावा लागतो. उजव्या हातात वेग वाढवण्याची मूठ आणि पुढचा ब्रेक, डाव्या हातात क्लच, उजव्या पायाखाली मागचा ब्रेक आणि डाव्या पायाखाली गिअर असतो. म्हणून उजव्या हाताची दुखापत सहसा डाव्या हातापेक्षा महाग पडते. शल्यचिकित्सक मोडलेल्या कॉलरबोनवर टायटॅनियमची पट्टी ठेवून ती स्क्रूंनी घट्ट करतात आणि हाड लगेच जागेवर बसते. पण जागेवर बसणे आणि जुळून येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या मते अजिंक्यपदाची लढाई बिघडते ती या दोहोंच्या मधल्या काळात.

लोरेन्झोची कथा याच मधल्या काळाची आहे. 2013 मध्ये असेनपूर्वी दानी पेद्रोसा 123 गुणांसह पहिला, लोरेन्झो 116 गुणांसह दुसरा, आणि मोटोजीपीतले पहिलेच वर्ष खेळणारा वीस वर्षांचा मार्क मार्केझ 93 गुणांवर होता. असेनची शर्यत तेव्हा प्रथेप्रमाणे शनिवारी होत असे. गुरुवारी, 27 जूनला, ओल्या मार्गावर सराव करताना लोरेन्झो पडला आणि त्याचे डावे कॉलरबोन मोडले. त्याच रात्री विमानाने बार्सिलोना गाठून त्याने शस्त्रक्रिया करून घेतली, शुक्रवारी तो असेनला परतला, शनिवारी सकाळी वैद्यकीय तपासणी पार केली आणि बाराव्या स्थानावरून सुरुवात करून पाचवा आला. शस्त्रक्रियेनंतर जेमतेम दीड दिवसात मिळवलेले ते 11 गुण होते. शर्यत संपल्यावर वेदनेने कोलमडलेल्या लोरेन्झोची दृश्ये ज्यांनी पाहिली त्यांना ती विसरता येणार नाहीत. मलाही येत नाहीत.

पुढची शर्यत जर्मनीत झाक्सेनरिंगला, दोन आठवड्यांनी होती. तिथे शुक्रवारच्या सरावात तो पुन्हा पडला, आणि यावेळी खांद्यातली पट्टीच वाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पेद्रोसाही पडला आणि त्याच्याही कॉलरबोनला इजा झाली. रविवारी गुणतक्त्यातले पहिले दोन्ही रायडर मैदानाबाहेर होते. मार्केझ जिंकला, 138 गुणांवर पोहोचला, आणि 136 वर थांबलेल्या पेद्रोसाला व 127 वर थांबलेल्या लोरेन्झोला एका दिवसात मागे टाकून पहिला झाला. ती शर्यत धरून, पुढच्या अमेरिकेतल्या दोन आणि चेक प्रजासत्ताकातली एक मिळून त्याने सलग चार शर्यती जिंकल्या. वर्षाअखेर व्हॅलेन्सियात हिशेब झाला तेव्हा मार्केझचे 334 आणि लोरेन्झोचे 330 गुण होते.

आता हे चार गुण नीट पाहा. बाराव्या क्रमांकाला 4 गुण मिळतात. जर्मनीत लोरेन्झो नुसता बारावा आला असता तर दोघांची बेरीज सारखी झाली असती, आणि बरोबरी झाल्यास ज्याचे विजय अधिक तो विजेता ठरतो. लोरेन्झोने त्या वर्षी आठ शर्यती जिंकल्या होत्या, मार्केझने सहा. म्हणजे एका रविवारच्या बाराव्या क्रमांकाने विश्वविजेता बदलला असता. परंतु एवढ्यावरून मार्केझला हे विजेतेपद आयते मिळाले असे कोणी म्हणू लागले, तर मी ते मान्य करणार नाही. असेनला त्याच्याही हाता-पायाच्या बोटांना फ्रॅक्चर झाले होते आणि तो दुसरा आला. ब्रिटनमधल्या सिल्वरस्टोनला शर्यतीच्या सकाळी त्याचा खांदा निखळला आणि तरीही तो दुसरा आला. ऑस्ट्रेलियात टायर टिकत नसल्याने मधेच मोटरसायकल बदलण्याची सक्ती होती, त्यात संघाने एक फेरी उशीर केल्यामुळे तो बाद झाला आणि तिथले गुण गेले ते वेगळेच. दुखापत दोघांनाही झाली. फरक इतकाच होता की एकाची दुखापत घेऊन मोटरसायकल चालवता येत होती आणि दुसऱ्याची येत नव्हती.

मला अस्वस्थ करणारा प्रश्न निराळा आहे. असेनला ते 11 गुण मिळवले नसते, दोन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली असती, तर लोरेन्झो जर्मनीत तसाच वळणात शिरला असता का? याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही. मात्र हा निर्णय त्याने वेदनाशामकाच्या अमलाखाली, रात्रीच्या प्रवासात, गुणतक्ता डोळ्यांसमोर ठेवून घेतला, हे उघड आहे.

असाच निर्णय सात वर्षांनी मार्केझने घेतला आणि त्याचे परिणाम फार वेगळे झाले. 2020 चा मोसम महामारीमुळे जुलैपर्यंत लांबला होता आणि चौदा शर्यती दाटीवाटीने उरकायच्या होत्या. 19 जुलैला स्पेनमधील हेरेझला तो पडला आणि उजव्या दंडाचे हाड मोडले. मंगळवारी शस्त्रक्रिया झाली. पुढची शर्यत त्याच मार्गावर त्याच आठवड्याच्या अखेरीस होती, म्हणून गुरुवारी तो वैद्यकीय तपासणीला उभा राहिला, जोर काढून दाखवून पात्र ठरला, शनिवारी मोटरसायकलवर बसला, आणि काही फेऱ्यांनंतर त्याने स्वतःच माघार घेतली. थोड्याच दिवसांत घरी, दार-खिडकी उघडण्यासारख्या साध्या हालचालीत, त्याच्या दंडातली पट्टी मोडली. ऑगस्टमध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली. डिसेंबरमध्ये तिसरी, आणि तेव्हा हाडात जंतुसंसर्ग सापडला. 2022 मध्ये अमेरिकेत चौथी. 2019 चा हा विश्वविजेता पुन्हा विश्वविजेता झाला तो थेट 2025 मध्ये.

तो नसताना लढाईचे स्वरूपच बदलले. 2019 मध्ये मार्केझने एकोणीस शर्यतींत 420 गुण मिळवले होते, म्हणजे दर शर्यतीला सरासरी बावीस. 2020 चा विजेता जोआन मीर याला चौदा शर्यतींत 171 गुण पुरले, म्हणजे दर शर्यतीला बारा, आणि वर्षभरात त्याने एकच शर्यत जिंकली. नऊ निरनिराळे रायडर त्या वर्षी जिंकले. मार्केझ ज्या होंडा कंपनीची मोटरसायकल चालवत होता तिला मात्र एकही शर्यत जिंकता आली नाही, कारण ती मोटरसायकल वर्षानुवर्षे एकाच माणसाच्या हाताने घडत आली होती. मीरचे विजेतेपद कमी प्रतीचे होते असे मला वाटत नाही. ज्या वर्षी सगळेच चुकत होते त्या वर्षी तो सर्वांत कमी चुकला. 2021 मध्ये मार्केझ परतला तेव्हा त्याचा उजवा हात दुबळाच होता, आणि त्याचा पहिला विजय आला तो झाक्सेनरिंगला, जिथे दहा वळणे डावी आणि तीनच उजवी आहेत. जखमी रायडरसाठी वर्षाचे वेळापत्रक असे सोप्या आणि अवघड मार्गांत विभागले जाते. प्रतिस्पर्ध्यांनाही ती विभागणी पाठ असते.

सध्या हा ताण वाढलाच आहे. 2023 पासून शनिवारी छोटी शर्यतही होते आणि तिच्या विजेत्याला 12 गुण मिळतात, म्हणजे एक आठवडाअखेर हुकली तर 37 गुणांवर पाणी सोडावे लागते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ग्रेटर नोएडाला भारतातली पहिली मोटोजीपी शर्यत झाली. शनिवारच्या शर्यतीत लुका मारिनी आपल्याच संघातल्या मार्को बेझेक्कीला धडकला आणि मारिनीचे कॉलरबोन मोडले. बेझेक्की रविवारी जिंकला. पुढे तीन आठवड्यांत सराव करताना बेझेक्कीचेही कॉलरबोन मोडले, आणि विजेतेपदाच्या शर्यतीत तिसरा असलेला हा रायडर शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच इंडोनेशियात स्पर्धेला उतरला.

आता 1992 कडे येतो. तेव्हा पहिल्याला 20, दुसऱ्याला 15 आणि तिसऱ्याला 12 अशी गुणपद्धत होती आणि दहाव्या क्रमांकापर्यंतच गुण मिळत. होंडावर बसलेल्या डूहनने पहिल्या सात शर्यतींपैकी पाच जिंकल्या होत्या आणि दोनदा तो दुसरा आला होता. त्याचे 130 गुण झाले होते, तर यामाहाचा अमेरिकन विजेता वेन रेनी 65 वर होता, नेमक्या निम्म्यावर. रेनी स्वतः आधीच जखमी झाला होता आणि असेनहून त्याने माघार घेतली. अशा स्थितीत असेनच्या सरावात डूहनचा उजवा पाय मोडला. मोडणे साधेच होते, पण शस्त्रक्रियेनंतर पायाचा रक्तपुरवठा बिघडला आणि पाय कापावा लागण्याची भीती निर्माण झाली. तेव्हा इटलीचे डॉक्टर क्लाउडिओ कोस्टा, ज्यांनी 1977 पासून शर्यतींबरोबर फिरते रुग्णालय चालवले होते, त्यांनी डूहनला बोलोन्याला नेले आणि निरोगी डाव्या पायाचे रक्त उजव्याला मिळावे म्हणून त्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून ठेवले.

इकडे रेनी गुण वेचत होता. हंगेरीत पाचवा आल्याचे 8, फ्रान्समधल्या विजयाचे 20, ब्रिटनमध्ये दुसरा आल्याचे 15. पासष्टाचे अंतर बावीसावर आले. ऑगस्टच्या अखेरीस, अपघातानंतर आठ आठवड्यांनी, काडीसारखा बारीक झालेला पाय घेऊन डूहन ब्राझीलमध्ये मोटरसायकलवर बसला. तो बारावा आला, म्हणजे गुण शून्य. रेनी जिंकला आणि अंतर दोनवर आले. दक्षिण आफ्रिकेतल्या क्यालामीच्या अखेरच्या शर्यतीत रेनी तिसरा आणि डूहन सहावा आला. 140 आणि 136. जूनमध्ये 130 वर असलेल्या माणसाने उरलेल्या सहा शर्यतींत मिळून सहा गुण मिळवले होते. पुढच्याच वर्षी इटलीतल्या मिसानोला आघाडीवर असताना रेनी पडला आणि छातीखाली कायमचा अधू झाला. त्या वर्षीचे विजेतेपद केव्हिन श्वांट्झकडे गेले.

डूहनचा पाय वाचला, पण घोट्याची हालचाल गेली. उजव्या वळणात मागचा ब्रेक दाबणे त्याला शक्य राहिले नाही. म्हणून त्याच्यासाठी डाव्या मुठीजवळ, अंगठ्याने दाबता येईल असा मागच्या ब्रेकचा एक छोटा दांडा बसवण्यात आला. तो दांडा घेऊन त्याने 1994 ते 1998 अशी सलग पाच विजेतेपदे मिळवली. उजव्या वळणात मोटरसायकल इतकी झुकते की धडधाकट पायालाही ब्रेकवर जागा उरत नाही, हे हळूहळू इतरांच्याही लक्षात आले. आज मोटोजीपीच्या सुरुवातीच्या रांगेत उभ्या असलेल्या अनेक मोटरसायकलींच्या डाव्या मुठीजवळ अंगठ्याचा ब्रेक दिसतो, आणि तो दाबणाऱ्यांपैकी काही रायडर 1992 च्या त्या जूनमध्ये जन्मलेलेही नव्हते.

नमस्कार.