दाढीच्या ब्रशचे केस गळतात तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

दाढी करून गालावरून हात फिरवावा, तर फेसात अडकलेला एक लांब केस बोटाला लागतो. आपला नव्हे, ब्रशचा. आमच्याकडे हे सुरू झालं तेव्हा बायकोने बेसिनमध्ये डोकावून विचारलं, "अहो, हे तुमचे की ब्रशचे?" माझ्या डोक्याची सध्याची अवस्था पाहता प्रश्न रास्तच होता.

ब्रश लगेच टाकून देऊ नका. गळलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवा आणि चष्मा लावून बघा. केस पूर्ण लांबीचा असेल, बुडाशी चिकटद्रव्याचा कण दिसत असेल, तर पकड मुळाशी सुटली आहे. तुकडा आखूड असेल तर केस मधेच मोडलाय, आणि तो बहुधा आपल्याच हाताने. आपण ब्रश गालावर असा दाबतो, की जणू कढईचं करपलेलं काढायचंय. फेस करायला केसांची टोकं पुरतात, हो. डुकराच्या केसांच्या ब्रशची टोकं मात्र दुभंगलेली दिसली तर घाबरू नका. ती तशी फाकली की ब्रश मऊ होतो.

नवा ब्रश पहिले काही दिवस थोडे केस टाकतोच. बांधताना सुटे राहिलेले केस असतात ते. पण महिना उलटला आणि तरी रोज चार-पाच येताहेत, तर काहीतरी बिघडलंय.

ब्रश करताना केसांचा झुबका बुडाशी बांधतात, चिकटद्रव्यात पक्का करतात आणि मुठीच्या खोबणीत बसवतात. टोकं लवकर सुकतात, पण हे बूड तासन्‌तास ओलं राहतं. त्यातून बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा पांढरा चोथा तिथेच साचतो आणि केसांना मुळाशी फाकवतो. माझी चूक आणखी मोठी होती. गीझरचं कडकडीत पाणी मगात घ्यायचं आणि ब्रश मुठीपर्यंत बुडवून ठेवायचा, कित्येक वर्षं! अशा पाण्याने चिकटद्रव्य सैल पडतं आणि अस्सल केस ठिसूळ होतात. पाणी कोमट हवं, आणि भिजायला हवेत ते फक्त केस, मूठ नव्हे.

दाढी झाली की ब्रश वाहत्या पाण्याखाली धरून बोटांनी मुळापर्यंत चोळा, साबण पूर्ण जाऊ द्या. मग केस हाताने हलकेच पिळा, ओढू नका. चार-पाच वेळा जोरात झटका. भिंतीवर शिंतोडे उडतात, बोलणी खावी लागतात, पण झटका. ब्रश उभा ठेवावा की उलटा टांगावा, यावर लोक तावातावाने भांडतात. मला विचाराल तर नीट झटकलेला ब्रश कसाही ठेवा, फक्त बंद डबीत किंवा कपाटात नको. महिन्यातून एकदा मगभर कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून पाच मिनिटं बुडवला, की चोथा सुटतो.

या साध्या वस्तूने एकेकाळी माणसंही मारली आहेत. पहिल्या महायुद्धात बॅजर नावाच्या प्राण्याचे केस मिळेनासे झाले, म्हणून घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश निघाले. त्यांतले काही नीट निर्जंतुक केलेले नव्हते. विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसावा म्हणून सैनिकांना दाढी करावीच लागे. वस्तऱ्याने कापलं, की अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाचे जंतू आत शिरत. असे बरेच ब्रश जपानचे होते, म्हणून 1920 मध्ये ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. आपला ब्रश केस टाकतो, एवढ्यावरच निभावतंय म्हणायचं.

आता दुरुस्ती. अख्खा झुबकाच मुठीतून हलत असेल किंवा निघून आला असेल, तर काम सोपं आहे. ब्रश दोन-तीन दिवस खडखडीत वाळवा, खोबणीतलं जुनं चिकटद्रव्य खरवडून काढा, दोन नळ्यांत मिळणारं एपॉक्सी हे चिकटद्रव्य मिसळून थोडंसं आत लावा, झुबका सरळ बसवा आणि दिवसभर हात लावू नका. झटपट चिकटणारं पातळ द्रव्य इथे वापरू नका. ते केसांमधून वर चढतं आणि सुकलं की मधोमध काठी उभी राहते. हेही अनुभवाने सांगतोय. त्या ब्रशने आता मी कंगवे घासतो.

झुबक्याच्या आतून एकेक केस सुटत असेल, तर केस बाजूला करून मुळाशी सुईने एपॉक्सीचा थेंब सोडता येतो. पण ब्रश साधा नायलॉनचा असेल तर एवढा खटाटोप कशाला? नवा आणा.

माझा ब्रश वडिलांचा, लाकडी मुठीचा, म्हणून मी तो खटाटोप केला. पावसाळ्यात मूठ फुगते, तेव्हा मोडक्या छत्रीची तार वाकवून तो खिडकीत टांगतो. काल बेसिनमध्ये एक केस होता. कागदावर ठेवून पाहिला. माझाच निघाला.

नमस्कार.